पुढचे चाक घेताना आधी चिमटा बघा

पुढच्या चाकाचा आउट काढून काढून मिस्त्री थकतो, रिमला निप्पलजवळ भेग दिसते, बाभळीच्या काट्यांनी ट्यूबची चाळणी केलेली असते आणि शेवटी सल्ला मिळतो, ‘चाकच बदला.’ बीड, अंबाजोगाई, परळी किंवा आष्टीकडच्या माउंटन बाइकवाल्यांचा खरा गोंधळ इथून पुढे सुरू होतो. ऑनलाइन दुकानात ‘२९ इंची, डिस्क, डबल वॉल’ एवढे वाचून चाक मागवले जाते. खोके उघडल्यावर कळते, की एक्सल जाड आहे, नाहीतर हब दहा मिलिमीटरने रुंद आहे, नाहीतर जुनी डिस्क नव्या हबवर बसत नाही. चाक चांगलेच असते, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलचे असते.

एका अर्थाने पुढचे चाक निवडणे सोपे आहे. त्यावर गिअरची चक्रे नसतात, फ्रीहब नसते, त्यामुळे मागच्या चाकापेक्षा ते स्वस्तही पडते. मात्र कामाचा भार त्याच्यावर मोठा असतो. वाट वळवते तेच, दगडाचा पहिला ठोसा खाते तेच आणि उतारावर ब्रेक दाबल्यावर अंगाचे वजन पुढे सरकते तेव्हा थांबवण्याचे बहुतेक काम करते तेच. मागचे चाक घसरले तर तोल सावरता येतो. पुढचे घसरले, तर सावरायला सहसा वेळच मिळत नाही.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा: चाक बसते का, बिघडले तर जवळपास दुरुस्त होते का, काट्यांत टिकते का, आणि मग ते हलके आहे का. बाजारातील जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने बोलतात.

क्रॉस-कंट्री म्हणजे कोणती वाट?

क्रॉस-कंट्री म्हणजे चढ-उताराची, कच्ची, दगड-मातीची वाट वेगाने पार करणे. मोठ्या उड्या आणि उभे कडे हा वेगळा प्रकार आहे आणि त्याची चाकेही वेगळी असतात. क्रॉस-कंट्रीच्या सायकलींना पुढे साधारण १०० ते १२० मिलिमीटरचे सस्पेन्शन असते. हा प्रकार १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बायकिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले आहे.

बीड जिल्ह्यात अशा वाटांना तोटा नाही, पण त्या एकसारख्या नाहीत.

- बालाघाटचे डोंगर: मांजरसुंबा, कपिलधार, धारूर आणि पाटोद्याकडचा सौताडा. इथे कठीण खडकावर किंवा मुरमावर सुटी खडी पसरलेली असते. पुढच्या चाकाला पकड हवी आणि रिमला मार सोसता यायला हवा.
- पांदण रस्ते: बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. चाक त्यात अडकून आडवे ओढले जाते, त्यामुळे तारांचा ताण महत्त्वाचा ठरतो.
- गोदाकाठची काळी जमीन: गेवराई आणि माजलगावच्या बाजूची. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिमट्यात, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, घट्ट बसणारा चिखल.
- काटे: बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे. हे मात्र जिल्हाभर सगळीकडे.

पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका. अभयारण्यात शिरण्यासाठी वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते.

नवे चाक खरेच हवे आहे का?

पैसे खर्च करण्यापूर्वी जुन्या चाकाची तपासणी करून घ्या. चार शक्यता असतात.

1. चाक डोलते, पण रिमला भेग नाही. तारा कसून आउट काढता येतो. नवे चाक नको.
2. चाक हातात धरून हलवले की हबमध्ये खेळ जाणवतो. हब छऱ्यांचे असेल तर कोन कसून, ग्रीस बदलून भागते. सीलबंद बेअरिंग असेल तर तेवढेच बदला. बेअरिंगवर ६९०२ सारखा नंबर कोरलेला असतो. तो नंबर सांगून बेअरिंगच्या दुकानात किंवा ऑनलाइन ते मागवता येते.
3. रिमला भेग आहे किंवा कड खोल चेपली आहे, हब मात्र ठणठणीत आहे. जुन्या हबवर नवी रिम चढवता येते. त्यासाठी भोकांची संख्या तीच हवी. जुन्या तारा वापरायच्या असतील तर तारा जिथे टेकतात तिथला रिमचा आतला व्यासही जुळला पाहिजे, नाहीतर नव्या लांबीच्या तारा लागतील.
4. हबचा कडा, म्हणजे तारा ओवलेली चकती, तडकला आहे, किंवा रिम आणि हब दोन्ही गेले आहेत. आता पूर्ण चाक घ्या.

निप्पलच्या भोकाभोवती केसासारखी भेग दिसली तर ‘अजून चालतंय’ म्हणून घाटात जाऊ नका. ती भेग ताणाखाली वाढतच जाते.

पहिली पायरी: पाच आकडे लिहून घ्या

दुकानात जाण्यापूर्वी किंवा मोबाइलवर ‘खरेदी करा’ दाबण्यापूर्वी जुने चाक काढा आणि कागदावर पाच गोष्टी उतरवा.

1. टायरवरचा दुहेरी आकडा. टायरच्या बाजूवर ५७-६२२ असे काहीतरी उमटवलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे माउंटन बाइकचे २६ इंच, ५८४ म्हणजे २७.५ आणि ६२२ म्हणजे २९.
2. चिमट्याच्या पायांमधले आतले अंतर. १०० मिलिमीटर की ११०, हे पट्टीने मोजा.
3. एक्सलची जाडी आणि प्रकार. नट, क्विक रिलीज की आरपार जाणारा थ्रू-एक्सल.
4. डिस्क कशी बसवली आहे. सहा बोल्टने की मधल्या एकाच चकतीने. डिस्कचा व्यास १६० की १८० मिलिमीटर.
5. चिमट्यात जास्तीत जास्त किती रुंद टायर चालतो. हे चिमटा बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात असते.

इंचांच्या भरवशावर राहू नका. लेडीज सायकलीला लागणारा २६ × १⅜ मापाचा टायर ५९० व्यासाच्या रिमवर बसतो, माउंटन बाइकचा २६ इंची टायर ५५९ व्यासाच्या. दोन्हींवर ‘२६’ लिहिलेले असते आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. जुन्या काळ्या घोडा सायकलीचे २८ इंची चाक तर ६३५ व्यासाचे, म्हणजे २९ इंची म्हणवणाऱ्या चाकापेक्षाही मोठे असते. दुहेरी आकडा जुळला की हा सगळा घोळ संपतो.

२६, २७.५ की २९?

सायकल घेतानाच हा प्रश्न सुटलेला असतो: चिमटा ज्या मापाचा, चाक त्याच मापाचे. २७.५च्या चिमट्यात २९चे चाक बळेच बसवले, तर सस्पेन्शन दबल्यावर टायर वरच्या कमानीला घासू शकतो. उतारावर चाक असे अडकले, तर माणूस हॅन्डलवरून पुढे फेकला जातो. उलट २९च्या चिमट्यात लहान चाक घातले तर सायकलचे तोंड खाली जाते आणि पेडल दगडांना लागू लागते.

नवी सायकलच घ्यायची असेल तर निवडीला जागा आहे. मोठे चाक खड्डा आणि दगड सहज ओलांडते, वेग टिकवते. लहान चाक चटकन वळते आणि पटकन वेग घेते. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकणारा यारोस्लाव कुलहावी २९ इंची सायकलवर होता, तर रौप्य मिळवणारा निनो शुर्टर २७.५वर. चार वर्षांनी रिओत शुर्टरने सुवर्ण घेतले, ते २९ इंची चाकांवर. आज क्रॉस-कंट्रीत २९ हेच रूढ माप आहे. तुमची उंची खूप कमी असेल किंवा शाळकरी मुलासाठी सायकल घेत असाल, तर २७.५चा विचार जरूर करा. २६ इंची सायकल घरात असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. मात्र त्या मापाचे चांगले टायर आणि रिम बाजारात कमी होत चालले आहेत, म्हणून सापडले की एखादा जादा टायर घेऊन ठेवा.

हब आणि एक्सल: बहुतेक चुका इथेच

पुढच्या हबची चार मापे प्रामुख्याने दिसतात.

- नटाचे एक्सल, १०० मिलिमीटर: स्वस्त सायकलींवर. पान्याने उघडते.
- क्विक रिलीज, ९ × १००: मध्यम किमतीच्या सायकलींवर. दांडी उघडून चाक काढतात.
- थ्रू-एक्सल, १५ × १००: थोड्या जुन्या, चांगल्या सायकलींवर.
- थ्रू-एक्सल, १५ × ११०: यालाच बाजारात ‘बूस्ट’ म्हणतात. बहुतेक नव्या क्रॉस-कंट्री सायकलींवर हेच असते.

१०० मापाचे हब ११०च्या चिमट्यात अॅडॅप्टर लावून चालवता येते, पण डिस्कलाही सरकवणारी चकती लागते. ११०चे हब १००च्या चिमट्यात कोणत्याही युक्तीने बसत नाही. काही हबची टोकाची टोपणे बदलून ते क्विक रिलीज आणि थ्रू-एक्सल अशा दोन्ही चिमट्यांत चालते. असे हब मिळत असेल तर घ्या. पुढे चिमटा बदललात तरी चाक वाया जात नाही.

बेअरिंग छऱ्यांचे घ्यावे की सीलबंद? फुफाट्यात आणि चिखलात सीलबंद बेअरिंग जास्त दिवस साफ राहते. छऱ्यांच्या हबला देखभाल वारंवार लागते, पण गावातला कोणताही मिस्त्री ते खोलून, ग्रीस भरून देऊ शकतो. जवळ चांगले सायकल दुकान नसेल आणि सायकल रोज वापरात असेल, तर छऱ्यांचे हब ही मागासलेली निवड नव्हे.

डिस्क जुळवताना

सहा बोल्टचे हब आणि मधल्या चकतीचे, म्हणजे सेंटरलॉक हब, यांच्या डिस्क वेगळ्या असतात. सेंटरलॉक हबवर सहा बोल्टची डिस्क बसवणारा अॅडॅप्टर मिळतो, उलट दिशेने मात्र सोय नाही. बीडसारख्या ठिकाणी सहा बोल्टची डिस्क सोयीची: टी-२५ मापाचा पाना असला की घरी बदलता येते.

- जुनी डिस्क नव्या चाकावर चढवायची तर जाडी मोजा. शिमानोच्या डिस्क १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की बदलायच्या असतात.
- डिस्कचा व्यास बदलू नका. १६०च्या जागी १८० लावायची तर कॅलिपरखाली वेगळा अॅडॅप्टर लागतो आणि चिमटा तेवढी डिस्क झेलतो का हेही बघावे लागते.
- काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. तिथे धातूमिश्रित पॅड लावले तर डिस्क लवकर खाल्ली जाते.
- डिस्कला तेलकट हात लावू नका. चेनवर तेल सोडताना चाकांवर फडके टाका.

रिम: रुंदी बघा, चमक नको

स्वस्त चाकांत सिंगल वॉल रिम असते. कच्च्या वाटेसाठी डबल वॉलच घ्या. तिच्यात आत दुसरी भिंत असल्याने मार सोसला जातो. त्यानंतर आतली रुंदी विचारा. २.२ ते २.४ इंची टायरला २५ ते ३० मिलिमीटर आतली रुंदी योग्य. फार अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर तो वळणावर लोळतो.

अॅल्युमिनियम की कार्बन? कार्बन रिम हलकी आणि ताठ असते, यात वाद नाही. पण अॅल्युमिनियमची कड दगडावर आपटून वाकली तर ती सरळ करून घरी परतता येते. कार्बन रिम तडकली तर तालुक्याच्या ठिकाणी ती कुणी दुरुस्त करून देणार नाही. शर्यतीत उतरत नसाल तर तोच पैसा चांगल्या टायरवर आणि ट्यूबलेसवर घाला. फरक पहिल्याच घाटात जाणवेल.

रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेले असावे, मग आज ट्यूबच टाकणार असलात तरी. पुढे बदल करायचा झाल्यास नवी रिम घ्यावी लागत नाही.

तारा आणि निप्पल

- संख्या: २८ किंवा ३२. वजन ८५ किलोच्या पुढे असेल, सामान लादत असाल किंवा वाट फार खडकाळ असेल तर ३२.
- आकार: एका टोकाला वाकलेल्या, म्हणजे जे-बेंड तारा घ्या. सरळ तारांची चाके दिसायला छान, पण त्यांची तार ऐन वेळी मिळत नाही.
- निप्पल: पितळेचे. अॅल्युमिनियमचे काही ग्रॅमनी हलके असतात, पण घाम, चिखल आणि पाण्याने जाम होतात आणि चावी फिरवली की गोल होतात.
- विणकाम: डिस्क ब्रेकच्या चाकात तारा एकमेकींना छेदून गेलेल्या असाव्यात. हबपासून रिमपर्यंत थेट गेलेल्या तारा ब्रेकचा पीळ सोसू शकत नाहीत.

डिस्क असलेल्या पुढच्या चाकात डाव्या आणि उजव्या तारांची लांबी बहुधा वेगळी असते. चाक घेतानाच दुकानदाराकडून दोन्ही लांबीच्या दोन-दोन जादा तारा आणि निप्पल मागून घ्या आणि लांबी बिलाच्या मागे लिहून ठेवा. नंतर दोन मिलिमीटरच्या फरकासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याची वाट धरावी लागणार नाही.

नवे चाक हातात आले की एका बाजूच्या तारा बोटाने छेडून बघा. एकाच बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज साधारण सारखा यावा. डाव्या आणि उजव्या बाजूंच्या आवाजात फरक असणे स्वाभाविक आहे, कारण डिस्कच्या बाजूचा ताण जास्त असतो.

टायर, काटे आणि ट्यूबलेस

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २९ जुलै २०२४ रोजी ब्रिटनचा टॉम पिडकॉक आघाडीच्या झुंजीत असताना त्याच्या पुढच्या चाकाची हवा गेली. मदतनिसांनी चाक बदलून दिले, तो बराच मागे पडला आणि तरीही शेवटच्या फेरीत सुवर्ण घेऊन गेला. मांजरसुंब्याच्या घाटात तयार चाक घेऊन कुणी उभे नसते, म्हणून इथला सगळा भर हवा न जाण्यावर असला पाहिजे.

पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा थोडा रुंद आणि जास्त पकडीचा टायर लावा. २.२५ ते २.३५ इंच पुरेसे आहे. सुट्या खडीसाठी मध्यम उंचीचे, कडेला ठसठशीत दाणे असलेले टायर चांगले. काळ्या रानाच्या वाटेसाठी दाणे विरळ हवेत, म्हणजे माती झडते. टायर आणि चिमट्याची कमान यांत बोटभर तरी फट राहू द्या. जोराच्या पावसानंतर काळ्या मातीच्या वाटेवर जाऊच नका. कोणताही टायर तिथे तग धरत नाही आणि शेतकऱ्यांची पांदणही खराब होते.

काट्यांवर सध्याचा सर्वांत खात्रीचा उपाय ट्यूबलेस. टायरमध्ये ट्यूबऐवजी पातळ सीलंट असते. काटा घुसला की ते छिद्रात जाऊन थिजते. मात्र त्याची शिस्त पाळावी लागते.

1. रिम, टायर, आतली टेप आणि वॉल्व्ह, चारही ट्यूबलेसची हवीत. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्या.
2. २९ × २.२५ टायरमध्ये साधारण १०० मिलिलिटर सीलंट टाका.
3. बीडच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळते. मार्च ते जूनमध्ये दोन महिन्यांनी आत डोकावून बघा.
4. टायरमध्ये घुसलेला बाभळीचा काटा वाटेत उपटू नका. बऱ्याचदा तोच छिद्र बुजवून बसलेला असतो. घरी आल्यावर काढा आणि चाक फिरवा.
5. प्लगचा संच आणि एक ट्यूब जवळ ठेवा. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे उपटा, नाहीतर नवी ट्यूब हवा भरताच बसेल.

ट्यूबच वापरणार असाल, तर रिमवरच्या वॉल्व्हच्या भोकाचा व्यास बघा. बारीक फ्रेंच वॉल्व्हला ६.५ मिलिमीटरचे भोक लागते, मोटारसायकलसारख्या जाड वॉल्व्हला ८.५चे. फ्रेंच वॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा अॅडॅप्टर खिशात टाका; तो असला की कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते.

हवेचे सुरुवातीचे आकडे, ७० किलोच्या चालकासाठी आणि २.२५ टायरसाठी: ट्यूबलेस असेल तर पुढे २० ते २२ पीएसआय, ट्यूब असेल तर २६ ते २८. मागे दोन-तीन पीएसआय जास्त. टायरवर छापलेली कमाल हवा ही ‘एवढी भराच’ अशी सूचना नसते. पेट्रोल पंपावरचे काटे एवढ्या कमी दाबाला भरवशाचे नसतात. हातातले छोटे गेज वापरा.

बसवताना: दांडी आणि डिस्क

क्विक रिलीजचे चाक घेणाऱ्यांनी एक खरी घटना लक्षात ठेवावी. एप्रिल २०१५मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे दहा लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. क्विक रिलीजची दांडी गरजेपेक्षा जास्त उघडून पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होती आणि तसे झाल्यास चाक जागीच थांबू शकत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी १३ कंपन्यांनी याच कारणासाठी अमेरिकेत सुमारे १३ लाख सायकली परत मागवल्या.

तपासणी सोपी आहे. दांडी पूर्ण उघडा आणि डिस्कच्या दिशेने ढकलून बघा. दांडी आणि डिस्क यांच्यात किमान सहा मिलिमीटर, म्हणजे साध्या पेन्सिलीएवढे अंतर राहिलेच पाहिजे. राहत नसेल तर दांडी बदला, चाक चालवू नका.

- क्विक रिलीजची दांडी बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटेल इतका जोर लागला पाहिजे. दांडी नटासारखी फिरवून आवळू नका.
- थ्रू-एक्सलवर टॉर्कचा आकडा लिहिलेला असतो. तेवढाच आवळा.
- चाक उचलून फिरवा. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि तसेच पुन्हा आवळा.
- नवी डिस्क किंवा नवे पॅड असतील तर सपाट रस्त्यावर दहा-पंधरा वेळा मध्यम वेगातून हळूहळू थांबा. त्याआधी घाट उतरू नका.

तुम्ही कोणत्या गटात?

- रोज शाळा-कॉलेज, अधूनमधून कच्ची वाट: आहे त्याच मापाचे, ३२ किंवा ३६ तारांचे, डबल वॉल अॅल्युमिनियम चाक, छऱ्यांचे हब, सहा बोल्टची डिस्क, ट्यूब.
- सुट्टीच्या दिवशी घाट आणि माळरान: चिमट्याप्रमाणे १५ × १०० किंवा १५ × ११०, आतली रुंदी २५ ते ३०, तारा २८ किंवा ३२, ट्यूबलेस.
- शर्यत: हलके अॅल्युमिनियम किंवा कार्बन, तारा २८. जुने चाक विकू नका; सरावाला तेच वापरा.
- जड बांधा किंवा सामानाची भटकंती: तारा ३२, पितळी निप्पल, २.३५ टायर. चाकाच्या माहितीपत्रकात चालकाच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती आधी वाचा.

फसगत कुठे होते?

- सस्पेन्शन आणि जाड टायर असलेली प्रत्येक सायकल डोंगरासाठी नसते. अनेक स्वस्त मॉडेलांच्या माहितीपत्रकातच उड्या आणि खडकाळ वाट टाळण्याची सूचना असते.
- चित्रात डिस्क, टायर आणि एक्सल दिसते, खोक्यात मात्र नुसते चाक येते. ‘सोबत काय काय’ हे वाचा.
- जुने चाक घेताना ते फिरवून बघा, निप्पलची भोके उजेडात तपासा. कार्बनचे जुने चाक ओळखीशिवाय घेऊ नका.
- पुढचे आणि मागचे चाक जोडीनेच घ्यायला हवे, हा आग्रह दुकानाच्या फायद्याचा असतो. दोन्ही वेगळ्या कंपन्यांची चालतात.

बिल, बदली आणि तक्रार: तुमचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू झाला. सायकलचे चाकही त्याच्या कक्षेत येते.

1. पक्के बिल घ्या. बिल नाकारणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर चाकाचे पूर्ण माप लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘२९, १५ × ११०, सहा बोल्ट, ३२ तारा’. पुढे वाद झाला तर हीच ओळ उपयोगी पडते.
2. सदोष माल परत करता येतो. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापल्याने हा हक्क जात नाही. पण माप तुम्हीच चुकीचे मागवले असेल तर तो मालाचा दोष नव्हे. तिथे दुकानाच्या बदलीच्या अटीच लागू होतात.
3. कर तपासा. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.
4. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचे नाव, पत्ता, परतीच्या अटी आणि वस्तू कोणत्या देशात बनली ही माहिती दिलीच पाहिजे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात उत्तर देणे बंधनकारक आहे. खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.
5. दाद कुठे मागायची? आधी दुकानाला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही न सुटल्यास बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

वॉरंटीचा कागद मात्र बारकाईने वाचा. आपटून वाकलेली रिम, शर्यतीतील वापर आणि रिमचे भोक मोठे करून घेणे हे बहुतेक वॉरंटीतून वगळलेले असते.

पहिले शंभर किलोमीटर

नव्या तारा सुरुवातीला जागेवर बसतात आणि ताण थोडा उतरतो. म्हणून पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक एकदा मिस्त्रीकडे न्या, आउट बघून घ्या आणि डिस्कचे बोल्ट, एक्सल पुन्हा तपासा. चाक विकत घेतानाच ही पहिली तपासणी फुकट करून देण्याचे दुकानदाराकडून कबूल करून घ्या आणि तेही बिलावर लिहून मागा.